बहिणीच्या गावची धावपट्टी

मी खोलीत शिरलो की माणसं बोलायची थांबतात. हँगरमध्ये दोन मेकॅनिक खिदळत असतात. मी दारात दिसलो की एक जण हातातला पाना निरखायला लागतो आणि दुसरा खिशात नसलेला कागद शोधायला. विमान सुरक्षा निरीक्षकाच्या नोकरीत निम्मी हयात गेली, पण या गप्प होण्याची सवय काही झाली नाही. गावाकडं कुणी कामाबद्दल विचारलं तर मी खोलात जात नाही. "विमानाचा आरटीओ," एवढं म्हटलं की भागतं. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मंग तं वरकमाई मस्त असन जी?"

वरकमाई राहिली बाजूला, ज्याची तपासणी करायची त्याचा चहासुद्धा मी घेत नाही. नियम तेवढा कडक नाही, मी आहे. चहा घेतला की बिस्किट येतं, बिस्किटामागून जेवण येतं, आणि पोटभर जेवलेल्या माणसाला आग विझवायच्या नळकांड्यावरची उलटून गेलेली तारीख दिसत नाही. म्हणून मी आपली पाण्याची बाटली आणि चिवड्याचा डबा घेऊन फिरतो. या नोकरीला विमान दुरुस्तीचा परवाना लागतो, हँगरमध्ये तेलकट हातांनी काढलेली वर्षं लागतात, मग परीक्षा, मुलाखत, आणि एखाद्या जुन्या निरीक्षकाच्या मागंमागं हिंडून शिकणं लागतं. हे सगळं जाहिरातीत असतं. विश्रामगृहाच्या खोलीत रोज एकट्यानं जेवता आलं पाहिजे, ही अट मात्र आत शिरल्यावर कळते. मी लग्न केलं नाही, त्यामुळं मला ती लवकर कळली.

मूळचा मी इकडचाच, मूल गावाकडचा. आमचं घर तलावावर जगणारं. मासळी, शिंगाडे, आणि पावसाळ्यात दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणी. आईवडील गेले. आता माझं असं एकच घर उरलंय, मोठ्या बहिणीचं. तिला आम्ही बाई म्हणतो. जंगलाच्या कडेला तिचं गाव आहे. भाऊजी वारले, मुलगी भद्रावतीकडं दिली, त्यामुळं घरात ती एकटीच असते. पण बहिणीच्या गावात भाऊ हा एकटा तिचा नसतो, तो अख्ख्या गावाचा मामा असतो. मिशा पांढऱ्या झालेली माणसंही मला मामा म्हणायची. "मामा, इमान कुठी लावलं जी? बैलबंडीच्या बाजूले लावून द्या!" असं म्हणून पारावरचे लोक हसायचे. मला कुणी हसून हाक मारतं असं पृथ्वीवर ते एकच ठिकाण होतं, आणि मी त्यासाठी वाट वाकडी करून जायचो.

त्या गावाला लागून एक जुनी धावपट्टी आहे. मधली कितीतरी वर्षं तिथं विमान असं उतरलंच नाही. लोक तिच्यावर धान वाळवायचे, थंडीत गुरं ऊब घेत बसायची. पट्टीच्या पलीकडं तलाव. बाई रोज टोपली डोक्यावर घेऊन पट्टी ओलांडायची, शिंगाडे किंवा झिंगे घेऊन परत यायची. दुसरी वाट आहे, पण ती लांबून, जंगलाला घासून जाते, आणि त्या वाटेवर वाघ आहे. आहे म्हणजे आहेच. आमच्या भागात वाघ ही काही गोष्टीतली चीज नाही. त्या वाटेवर मोहफुलं वेचायला गेलेली गावातली एक जण घरी परत आली नव्हती.

मग कुणीतरी तिथं वैमानिक शिकवायची शाळा काढायचं ठरवलं. विमानं आली, आणि तपासणी माझ्याकडं आली. बहीण शेजारच्या गावात राहते, हे मी कार्यालयाला आधीच कळवलं. तिची जमीन आहे का, ठेका आहे का, विचारलं. म्हटलं, टोपली आहे. तर म्हणाले, मग जा.

तपासणीत इंजिनाच्या नोंदी बघायच्या, इंधनाचा नमुना काचेच्या बरणीत घेऊन तळाशी पाणी साचतं का ते बघायचं, आगीचा बंब खरंच सुरू होतो का ते बघायचं. आणि कुंपण. ते मी कायम स्वतःच्या पायानं चालून बघतो, गाडीतून नाही. इथं कुंपणच नव्हतं. मी पट्टीच्या टोकाला उभा होतो तेव्हा एक शिकाऊ विमान उतरत होतं आणि दोन बाया पट्टीच्या मधोमध आपल्या गप्पांत चालत होत्या. वैमानिक पोरीनं ऐन वेळी विमान वर उचललं. कुंपण होईपर्यंत उड्डाण नाही, असं मी लिहून दिलं.

संध्याकाळी बाईच्या अंगणात चार लोक आले.

"मामा, तुमीच आमची वाट बंद करून राह्यले म्हणते?"

"विमान खाली येत होतं आणि दोघी मधात होत्या," मी म्हणालो.

"आमी आवाज आयकून जातो ना जी. आवाज आला का थांबतो."

मी समजावलं, की उतरणारं विमान ओरडत नाही. इंजिन मंद करून ते घसरत खाली येतं, वारा उलटा असला तर अगदी डोक्यावर येईस्तोवर कळत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. कुणी भांडलं नाही. मग इतका वेळ दारात बसून लसूण सोलणारी बाई बोलली.

"इमानाचं तू सांगतलं. वाघाचं कोन सांगन?"

आमच्या नियमांत जंगली जनावराचा विचार आहे, नाही असं नाही. पण तो पट्टीवर येणाऱ्या जनावराचा. पट्टीच्या बाहेर बहिणीच्या वाटेवर वाघ फिरतो, त्याला माझ्याकडं रकाना नाही. मी जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांना भेटून आलो, तलावाला सरळ रस्ता द्या म्हणून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मान डोलावण्यात आपल्याकडचे साहेब कधी कमी पडत नाहीत. कुंपण झालं, रस्ता झाला नाही. आता वाघ आणि बाई कुंपणाच्या एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला मी.

पुन्हा गेलो तो दिवाळीनंतर. धान कापणीला आलं होतं. दुपार कलल्यावर मी कुंपणाची फेरी सुरू केली. उंच, नवीकोरी जाळी. तलावाच्या अंगाला पळसाच्या झुडपांमागं जाळी कापलेली दिसली. वाकून माणूस जाईल एवढं भोक; असंच एक गावाच्या अंगालाही होतं. तारेची टोकं आत वळवून त्यांना लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या, कुणाचं अंग फाटू नये म्हणून. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्या नीटनेटकेपणाचं कौतुक केलं असतं.

मी उकिडवा बसून ते बघत होतो, तेवढ्यात पलीकडून पावलं वाजली. मान वर केली. बाई होती. डोक्यावर ओल्या शिंगाड्यांची टोपली, पाणी ओघळून खांद्यावर उतरलेलं. आम्हा दोघांमध्ये ते भोक होतं. तिनं माझ्याकडं बघितलं, भोकाकडं बघितलं. ती वळली आणि आली तशी निघाली, जंगलाच्या वाटेनं. गुडघा दुखत असल्यानं ती जरा वाकडी चालते. मी "बाई!" म्हणून हाक मारली. ती थांबली नाही.

मी काय केलं ते सांगतो. माझ्या गाडीच्या ड्रायव्हरला तिच्या मागं पाठवलं, आणि शाळेच्या माणसाला बोलावून भोक दाखवलं. हे बंद होईपर्यंत एकही विमान उडणार नाही, असं सांगितलं. माणूस तार आणि पक्कड घेऊन आला. त्यानं चिंध्या सोडून फेकल्या आणि दोन्हीकडची जाळी शिवली. मी शेवटचा पीळ बसेपर्यंत सोबत उभा होतो. ड्रायव्हर परत आला. ती वाट गाडीची नाही, बाई दिसल्या नाहीत, म्हणाला.

काम आटोपून गावात पोचलो तेव्हा दिवस बुडायला आला होता. बाईच्या दाराला कडी होती. मी तिच्या ओट्यावर बसलो. पारावर लोक होते, पण उठून कुणी आलं नाही. थोड्या वेळानं शेजारच्या घरातला म्हातारा, जो मला बैलबंडीवरून सगळ्यात जास्त चिडवायचा, हातात प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला.

"बसा साहेब," म्हणाला आणि खुर्ची ठेवून निघून गेला.

मी खुर्चीवर बसलो नाही. वाटेकडं बघत ओट्यावरच बसलो. झाडं काळी पडायला लागली तसा मी ओट्याच्या कडेला सरकलो. मी जाळी शिवून घेतली ते बरोबरच होतं. आजही विचाराल तर तेच सांगीन. पण ती त्या वाटेनं आली नाही तर या बरोबर असण्याचं मी काय करणार होतो? नोकरीत मला खूपदा एकटं वाटलंय, पण त्या ओट्यावर वाटलं तसं कधी नाही. गाव भरलेलं होतं, घराघरातून फोडणीचे वास येत होते, आणि तिची वाट बघणारा मी एकटा होतो, आणि ती वाटही मीच लांब केलेली.

ती आली. पायाला चिखल, टोपली तशीच भरलेली. मी टोपली उतरवायला पुढं झालो, तिनं उतरवू दिली. कडी काढली, दिवा लावला, पाय धुतले. मी दाराशी उभाच होतो. शेवटी न राहवून विचारलं.

"बाई, मी पाहिलंच होतं. भोक बंद होणारच होतं. मग त्या एका वेळी तरी आतून यायचं ना. मागं कशाला फिरलीस?"

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"तुह्यासमोरून चोरावानी वाकून कशी येऊ रे, बाबू? मी तुही मोठी बहीण आहो."