उंची, पत्ता आणि सरावाची जागा

माझ्या आतेबहिणीच्या लग्नासाठी बाबांनी केलेली बायोडेटाची फाइल माझ्या कामी आली, तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि मला बोट हवी होती.

आम्ही ठाण्याहून नेपरव्हिलला आलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते. इथल्या हायस्कूलमध्ये फुटबॉल आणि बुद्धिबळासारखाच मासे पकडण्याचाही संघ असतो, हे कळायला मला पाच वर्षं लागली. मासा एकच, बास. काळपट हिरवा, मोठ्या तोंडाचा, गोड्या पाण्यातला. एका बोटीत दोन मुली आणि सुकाणूवर एक मोठा माणूस. दिवसभरात पकडलेले पाच सर्वांत मोठे मासे जिवंत ठेवायचे, संध्याकाळी वजन करायचं आणि पाण्यात सोडून द्यायचे.

"खायचा नाही, विकायचा नाही, परत सोडायचा," बाबा म्हणायचे. "मग त्या बिचाऱ्याला त्रास कशाला?"

आई डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानांत भाजी घेताना ओळखीच्या काकू भेटल्या की सांगायची, "ती वॉटर स्पोर्ट्स करते."

"म्हणजे स्विमिंग?"

"तसंच काहीतरी."

मला त्या खेळातलं सगळ्यात जास्त काय आवडायचं, ते मी दोघांनाही कधी सांगितलं नाही. बोटीवर आठ तास कुणी तुमच्याकडून बोलण्याची अपेक्षा करत नाही. शाळेत मी वर्गात उत्तर येत असूनही हात वर करायचे नाही. पाण्यावर मात्र गप्प राहणं हा गुण होता.

माझ्या जोडीदारणीच्या वडिलांची बोट होती. शेवटच्या वर्षाच्या डिसेंबरात त्यांची टेक्सासला बदली झाली. मैत्रीण गेली, बोट गेली आणि सुकाणूवरचा माणूसही गेला. कोच म्हणाले, "जोडीला दुसरी मुलगी मी देतो. बोटीसाठी आमिषं बनवणाऱ्या छोट्या कंपन्यांना लिही. त्यांना मुली हव्याच असतात. कुणी जर्सी देतं, कुणी बोट आणि चालवणारा माणूससुद्धा. एप्रिलच्या शेवटापर्यंत बोट मिळाली नाही तर मी तुझं नाव नोंदवू शकणार नाही." माझं ते शेवटचं वर्ष होतं. त्यानंतर शाळाच संपणार होती.

म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी मी आणि बाबा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसलो. बाबांनी आतेबहिणीची फाइल उघडली. वरचा गणपती काढला. रास, नक्षत्र, गोत्र काढलं. उंचीची ओळ तशीच राहिली.

"बाबा, स्पॉन्सरला उंची कशाला?"

"असू दे गं. माणूस डोळ्यासमोर उभा राहतो."

"आणि घराचा पत्ता?"

"पत्ता नसेल तर सामान कुठे पाठवतील? असं अर्धवट दिलं की वाटतं, काहीतरी लपवतायत."

त्यांनी दोघांचे फोन नंबर घातले, आईचं शिक्षण, स्वतःची नोकरी, माझा एक पूर्ण उंचीचा फोटो आणि एक जवळून काढलेला. आतेबहिणीचं लग्न त्या फाइलमुळे चार महिन्यांत जमलं होतं. बाबांचा तिच्यावर विश्वास होता. मला काहीतरी खटकत होतं, पण मी गप्प राहिले. मी बहुतेक वेळा गप्पच राहायचे.

पण एक ओळ माझी होती. शेवटी 'सराव' असं लिहून बाबा म्हणाले, "इथे डिटेल घाल. सिरियसनेस दिसला पाहिजे." मी लिहिलं, दर शनिवारी सकाळी सहा ते दहा, आणि जुन्या दगडखाणीच्या तळ्याचं नाव. मग मला राहवलं नाही. डाव्या काठावर पाण्यात आडवं पडलेलं एक झाड आहे, त्याच्या फांद्यांखाली मी मोठे मासे पकडले होते, तेही लिहिलं. आपली जागा कुणाला सांगायची नाही, हे मासे पकडणाऱ्या लहान मुलांनाही ठाऊक असतं. मला ती जागा माझी म्हणून मिरवायची होती.

फाइल तीसेक कंपन्यांना गेली. महिनाभर कुणाचंच उत्तर आलं नाही.

फेब्रुवारीत एक पार्सल आलं. आत आमिषासाठीच्या रबरी अळ्यांची पिशवी होती, हाताने बनवलेल्या, जांभळ्या अंगावर शेपटीकडे एक नारिंगी ठिपका. तसा रंग मी कुठल्याच दुकानात पाहिला नव्हता. सोबत चिठ्ठी होती. एक माणूस शेजारच्या राज्यात एकटाच ही अळी बनवत होता आणि या वर्षी एका मुलीला स्पॉन्सर करण्याचा त्याचा विचार होता. खाली एक सल्ला होता: 'तुझी उंची बघता सात फुटी रॉड तुला लांब पडत असेल. थोडा आखूड घे.'

बाबांनी चिठ्ठी आईला दाखवली. "बघ! म्हणे उंची कशाला."

सल्ला बरोबर होता. सात फुटी रॉडने गळ फेकताना माझं मनगट दुखायचं. मी आखूड घेतला, आणि आभाराचं पत्र लिहिलं.

दुसरं पार्सल मार्चमध्ये आलं. रात्री थोडा बर्फ पडला होता. मी शाळेत जायला दार उघडलं तर खोकं पायरीवर होतं. त्यावर माझं नाव होतं. तिकीट नव्हतं, शिक्का नव्हता, पत्ताही नव्हता. बर्फात बुटांचे ठसे रस्त्यावरून दारापर्यंत आले होते. दारापासून ते सरळ परत गेले नव्हते. गॅरेजच्या कडेने, माझ्या खोलीच्या खिडकीखालून फिरून मग रस्त्याला लागले होते.

"कुरिअरवाला आला होता का?" आईने आतून विचारलं.

"हो," मी म्हणाले.

खोकं मी दप्तरात कोंबलं आणि शाळेतल्या कचऱ्यात टाकलं. आईला सांगितलं असतं तर तिने त्याच क्षणी माझे रॉड माळ्यावर टाकले असते, आणि बाबांनी तिचंच ऐकलं असतं. त्या माणसाचं जवळच कुठे काम असेल, आला असेल, असं मी स्वतःला समजावलं. आतल्या अळ्या मात्र ठेवून घेतल्या. हे लिहायला अजून लाज वाटते.

एप्रिलमध्ये तळ्यावरचा बर्फ वितळला. आई मला शनिवारी अंधारातच सोडायची आणि ग्रोसरी करून परत न्यायला यायची. पहिल्याच शनिवारी मी पडलेल्या झाडाशी गेले. पाण्यावर आलेल्या फांदीला, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, एक जांभळी अळी लटकत होती. शेपटीला नारिंगी ठिपका.

झाडात आमिषं अडकतात. फेकलेला दोरा फांदीला गुंडाळतो, तुटतो, त्याचा गुंता होतो. हा दोरा गुंडाळलेला नव्हता. नीट गाठ मारून बांधला होता आणि उरलेलं टोक कापलेलं होतं. मी मागे वळून पाहिलं. पार्किंगमध्ये कुणी नव्हतं. समोरच्या काठावर धुकं होतं आणि त्यात काही दिसत नव्हतं. मी ती अळी तिथेच ठेवली, आणि चार तास झाडाकडे तोंड करून दुसऱ्या काठावर मासे पकडत बसले. एकही लागला नाही.

"मिळालं का काही?" आईने गाडीत विचारलं.

"नाही. पाणी गार आहे अजून."

त्याच आठवड्यात बाबांना त्या अळी बनवणाऱ्याचा ईमेल आला. बोट देईन, जर्सी देईन, मोसमभर स्वतः बोट चालवीन. अट एकच. आधी एक दिवस मुलीने माझ्याबरोबर पाण्यावर यायचं, आणि एकटीने. वडील बोटीत असले की मुली वडिलांसाठी खेळतात, असं त्याने लिहिलं होतं. मी सगळ्यांना असंच निवडतो.

आई म्हणाली, "एकटीने? काय गरज आहे?"

"अगं, इंटरव्ह्यूला आईवडील बसतात का?" बाबा म्हणाले. "मी फोनवर बोललोय. अतिशय सभ्य माणूस. दर वाक्याला सर म्हणत होता मला. आणि मी काठावर थांबणार आहेच."

आई माझ्याकडे बघत होती. "तुला जायचंय ना?"

कोचने दिलेल्या मुदतीला सहा दिवस राहिले होते. "हो," मी म्हणाले.

तो दिवस ढगाळ होता. बाबांच्या गाडीने आम्ही दोन तास प्रवास करून एका लांबलचक तलावावर गेलो. बोट पाण्यात उतरवायच्या सिमेंटच्या उतारावर तो आमच्या आधी हजर होता. साठीचा असेल. स्वच्छ टोपी, हातांची नखं कापलेली. घाबरावं असं त्याच्यात काहीच नव्हतं. त्याने बाबांशी हात मिळवला, मला नुसती मान हलवली, आणि जर्सी पुढे केली. पाठीवर माझं नाव शिवलेलं होतं. बाह्या माझ्या मापाच्या करून घेतलेल्या होत्या. लाइफ जॅकेटही माझ्याच मापाचं होतं. जर्सीच्या छातीवर, जिथे कंपनीचं नाव असतं, तिथे काहीच नव्हतं.

"चार वाजता या, सर," तो बाबांना म्हणाला. "इथे थांबून कंटाळाल. गावात कॉफी चांगली मिळते."

बाबा हसले. "पुस्तक आणलंय मी."

"बरं. आणि हो, मिसेसना सांगा, त्यांच्या गाडीचा मागचा उजवा दिवा बंद आहे. पोलीस अडवतील उगीच."

"थँक यू, थँक यू," बाबा म्हणाले.

मी एक पाय बोटीत टाकला होता. आईची गाडी तिथून दोन तासांवर, घरी उभी होती. आम्ही बाबांच्या गाडीतून आलो होतो. आईची गाडी या माणसाला दिसण्याचं काही कारण नव्हतं. मागचा दिवा तर पहाटेच्या अंधारात, मला तळ्यावर सोडून आई परत जाताना, मागून बघणाऱ्यालाच दिसला असता.

मी पाय मागे घेतला आणि मराठीत म्हणाले, "बाबा, मला नाही जायचं."

"आता?" बाबा चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून म्हणाले. "एवढी बोट पाण्यात उतरवलीये त्यांनी. बरं दिसेल का?"

"आईच्या गाडीचा दिवा ह्यांना कसा माहीत?"

बाबा अजून हसतच होते. मग ते हसू हळूहळू गेलं. त्यांनी बोटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मला दंडाला धरून दोन पावलं वर ओढलं.

"काय म्हणते ती?" त्या माणसाने शांतपणे विचारलं.

"पोटात दुखतंय म्हणते," बाबा इंग्रजीत म्हणाले. "सॉरी. व्हेरी सॉरी." तशा वेळीही ते दोनदा सॉरी म्हणाले.

त्याने जर्सी घडी घालून खाली ठेवली. चिडला नाही. "हरकत नाही," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याने सरळ माझ्याकडे पाहिलं. "पाणी कुठे जात नाही."

परतीच्या वाटेवर बाबा सारखे आरशात मागे बघत होते. मग म्हणाले, "अजून काही झालंय का?"

मी बर्फातल्या पार्सलबद्दल सांगितलं. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि पोलिसांना फोन लावला.

संध्याकाळी पोलीस अधिकारी घरी आली. पहिल्या पार्सलवरचा पत्ता टपालपेटी भाड्याने देणाऱ्या दुकानाचा निघाला, आणि फोन लागेनासा झाला होता. छोटे धंदेवाले असेच पत्ते वापरतात, ती म्हणाली, आणि दारात भेट ठेवणं हा गुन्हा नाही. कदाचित विचित्र असेल, वाईट नसेलही. मग तिने बायोडेटा मागितला. पूर्ण वाचला.

"हे कुणी पाठवलं?"

"मी," बाबा म्हणाले.

तिने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. वार, वेळ, तळं, डावा काठ, पडलेलं झाड. "आणि हे?"

आई बाबांकडे बघत होती. त्या नजरेत जे होतं ते मी त्याआधी घरात कधी पाहिलं नव्हतं. बाबांना माशांच्या जागेबद्दल काही म्हणजे काही कळत नाही, हे आईला ठाऊक होतं की नाही, माहीत नाही. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"तेही मीच लिहिलं," ते म्हणाले.

मी ते तसंच चालू दिलं. आणि त्यानंतर झाडावरच्या अळीबद्दल सांगणं मला शक्यच राहिलं नाही, कारण ते झाड कागदावर कुणी आणलं, ते सांगावं लागलं असतं.

मुदत उलटली. माझं नाव नोंदवलं गेलं नाही. बाबांनी तीसही कंपन्यांना फाइल पुसून टाका म्हणून लिहिलं. दोघांनी पुसली म्हणून कळवलं, एकाने विचारलं, कुठली मुलगी? बाकीच्यांचं काही आलं नाही. माझा पत्ता आणि ती दोन छायाचित्रं अजून कुठे कुठे आहेत, हे मला माहीत नाही.

मी त्या तळ्यावर एकदाच परत गेले. ऑक्टोबरमध्ये, भर दुपारी, कॉलेजमधून घरी आले होते तेव्हा, घरी लायब्ररीत जाते सांगून. खरं तर ती जुनी अळी काढून टाकायची होती. सहा महिने ऊनपाऊस खाल्ल्यावर रबर फिकं पडतं, गळ गंजतो, दोरा पिवळा होतो.

फांदीवर अळी होती. जांभळा रंग ओला असल्यासारखा चकचकीत होता. गाठ नवी होती. गळावर गंजाचा ठिपकासुद्धा नव्हता.

मी कात्रीने दोरा कापला, अळी डबीत टाकली, आणि झाडाकडे पाठ न करता गाडीपर्यंत आले.