गोठ्याच्या खोलीतलं डावं सारवण

माझी बायको सुनंदा वारली त्या दिवशी गोठ्याच्या एका खोलीत फरशी बसली होती. दुसऱ्या खोलीची जमीन तिने सारवायला ठेवली होती.

कॉलेजच्या ग्रंथालयात असताना भुताखेतांची पुस्तकं मी ‘इतर’ लिहिलेल्या कपाटात टाकत असे. अजूनही तिथेच टाकेन. तरीही हे लिहितो आहे, कारण आता वैताग आला आहे.

आमचं घर राजूरच्या अलीकडे, अकोले-राजूर रस्त्यावर. गुरं विकल्यावर गोठा रिकामा झाला. धरणाकडे जाणाऱ्या पाहुण्यांसाठी त्यात दोन खोल्या करायच्या, ही कल्पना सुनंदाची. चुन्याच्या भिंती, बांबूचा माळा... आणि एक जमीन शेणामातीचीच, हा तिचा हट्ट.

सुनंदा डावखुरी होती. आमच्या आई म्हणत, “डाव्या हाताचं सारवण घराला लाभत नाही.” म्हणून घरात ती उजव्या हाताने सारवायची. गोठ्याचा ओटा मात्र डाव्या हाताने – तिथे कोण बघायला येतंय!

ती गेल्यावर शेजारच्या जनाबाईने ती खोली सारवली. दुपारी जमीन वाळली तेव्हा मी दारातच थांबलो. सारवताना हाताचे अर्धगोल उमटतात. उजव्या हाताचे एका बाजूने चढत जातात, डाव्या हाताचे उलट. इथे सगळे उलटे होते.

“जनाबाई, डाव्या हाताने सारवलंत का?”

“डाव्या हातानं मला भाकर सुदिक उलटता येत न्हाई, भाऊ!”

पुढच्या खेपेला मी दारात खुर्ची टाकून बसलो. जनाबाईचा उजवा हात डोळ्यांनी पाहिला. जमीन ओली असतानाच मोबाईलवर फोटो काढला. वाळेपर्यंत जागचा हललो नाही. कधी बदललं ते कळलं नाही, पण बदललं होतं. तिथूनच दुसरा फोटो काढला.

पुण्याला मुलाला दोन्ही फोटो पाठवले.

“बाबा, इमेज फ्लिप झाली असेल.”

“खिडकी दोन्हींत एकाच बाजूला आहे.”

“मग टाइल्स टाका ना सरळ! सीझन तोंडावर आलाय. दर आठवड्याला शेण कालवत बसणार का तुम्ही?”

त्याचं चूक नव्हतं. पाहुण्यांना खोली द्यायची तर ती जमीन टिकणारी हवी. टाइल्स आणल्या. मिस्त्री सोमवारी येणार होता. रविवारी सकाळी मी स्वतः गुडघे टेकून सारवायला बसलो. का, ते सांगता येणार नाही. हात नीट फिरेना, जागोजागी गुठळ्या राहिल्या.

वाळल्यावर माझ्या गुठळ्या जिथल्या तिथे होत्या. अर्धगोल तेवढे डावे.

तेव्हा मात्र मी ओरडलो. “सुनंदा, एवढं येता येतं तर एक शब्द बोल ना! जमीन काय उलटवतेस?”

काही झालं नाही. बाहेर टेम्पो गेला, एवढंच.

माझा आवाज ऐकून जनाबाई धावत आली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “वैनी तवा तरी कुठं लई बोलत हुत्या? आन् भाऊ, बाईमाणसावर असं वरडत्यात व्हय?”

मिस्त्रीला मी परत पाठवलं. मुलगा रागावला आहे. चुना, ओल, उन्हाची तिरीप... सगळी कारणं लावून पाहिली. एकही बसत नाही. बसलं असतं तर बरं झालं असतं. टाइल्स टाकून मोकळा झालो असतो.

पहिल्या खोलीत आता पाहुणे राहतात. दुसरी मी कुणाला देत नाही. टाइल्सची खोकी ओट्यावर पडून आहेत.