चार वेळा तेवीस

मापाची काचनळी हातात आली, की ती दोन्ही गुडघे वाकवायची, एक डोळा मिटायची आणि म्हणायची, "डोळा पाण्याच्या बराबर आणा, चाचा. वरून पाहिलं की पाऊस जास्तच दिसतो."

आमचं गाव शिरड शहापूरच्या अलीकडचं. शाळेच्या मैदानात तिनं पर्जन्यमापक बसवला होता. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला त्यातलं पाणी मोजायचं आणि वहीत लिहायचं. मी त्याच शाळेतून निवृत्त झालेला लिपिक. घर शाळेला लागून आणि अक्षर वळणदार, म्हणून वही माझ्याकडे आली.

ती सेनगावची, बौद्ध घरातली. वय चौतीस. भेटली की "जयभीम चाचा", आणि मी "सलाम बेटा". पीएचडी झाल्यावर कायमची नोकरी लागेपर्यंत वर्षावर्षाच्या करारावर जे संशोधन करतात त्याला पोस्टडॉक म्हणतात, हे तिनं मला तीनदा समजावलं, आणि अंगणवाडीत काम करणाऱ्या आपल्या आईला बहुधा तीसदा. आईचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "कायम कधी होऊन राहिली?" ही म्हणायची, "वर्ष वाढू दे, सांगते."

पाऊस किती, माती कशी, उतार कुठं, शेतात सोयाबीन की तूर, हे सगळं ती लॅपटॉपमध्ये घालायची. त्यातून पिकाला पाणी किती दिवस पुरेल आणि ओढा कुठवर चढेल, याचा अंदाज निघायचा. नावामागं डॉक्टर असल्यामुळे गावातल्या म्हाताऱ्या तिला गुडघे दाखवायच्या. औषध तिच्याकडं नव्हतं, पण ऐकून घ्यायची.

ती भित्री होती, हे सरळच सांगतो. आभाळ भरून आलं की नखं खायची. एकदा म्हणाली, "परीक्षेत चुकलं तर मार्क जायचे, चाचा. आता मी चुकले तर माणसं जातील. लई भ्या वाटतं मला." मी हसलो होतो. शिकलेल्या माणसांना भीतीसुद्धा जास्तीची लागते, असं मला तेव्हा वाटलं.

आता माझं पाप सांगतो. पहिल्याच वर्षी, सप्टेंबरात, आखाडा बाळापूरला भाचीचा निकाह होता. कुणाला न सांगता मी चार दिवस गेलो. परत येऊन पाहतो तर भांडं गच्च भरलेलं. नळीनं मोजत गेलो, ब्याण्णव मिलिमीटर भरले. शेजारी म्हणाला, "सगळा एका दुपारीच कोसळला." पण कोणत्या दुपारी कोसळला ते विचारत फिरलो असतो, तर मी गावात नव्हतो हे उघड झालं असतं. बायको म्हणाली, "भर दो ना, कौन देखने आता?" मीही चाळीस वर्षं लिपिक होतो. कोरा रकाना आमच्या डोळ्यांत खुपतो. चार दिवसांना तेवीस-तेवीस वाटून दिले. बेरीज बरोबर आली आणि पान देखणं दिसलं.

पुढच्या मे महिन्यात तिनं ग्रामपंचायतीत नकाशा लावला. ओढा फुगला तर पाणी कुठवर येईल, ती निळी रेषा त्यावर होती. ओढ्याकाठची आठ घरं रेषेच्या बाहेर राहिली. त्यात गयाबाईचं घर होतं. गयाबाई सुनेला आणि दोन लेकरांना घेऊन वरच्या गल्लीत जायच्या बेतात होती.

"पोरी, येतं का पाणी माझ्या घरात? एक काय ते सांग."

"माझ्या अंदाजानं न्हाई येत, मावशी. पण अंदाज हाय."

गयाबाईनं पुढचं ऐकलंच नाही. सामान बांधलं होतं ते सोडलं. ही मात्र बाहेर येऊन माझ्याजवळ उभी राहिली. "तुमच्या वहीवर माझा भरवसा हाय म्हणून बरं, चाचा." मला ते चार तेवीस आठवले.

जूनच्या सुरुवातीला ती पेढे घेऊन आली. नकाशासोबत पाठवलेला तिचा अहवाल मान्य झाला होता आणि काम दोन वर्षं वाढणार होतं. "या बारीला आईला सांगून टाकलं," म्हणाली. पेढा मी हातातच धरून ठेवला. पश्चिमेकडं ढग दिसत होते. गयाबाईची लेकरं ओढ्याच्या काठावर खेळत होती. त्या पोरीची नोकरी टिकवायची की या लेकरांचा जीव वाचवायचा, असा तो पेच होता, आणि तो मीच घातला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळेच्या कार्यालयात, मी सगळं सांगितलं. मान वर करायची हिंमत नव्हती.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं वही ओढून घेतली आणि बोट ठेवलं. "चार दिवस बराबर तेवीस. मला काहून दिसलं न्हाई?" मग माझ्याकडं पाहून म्हणाली, "तेवीस जमिनीत मुरतो, चाचा. ब्याण्णव एका दुपारी पडला तर मुरत न्हाई, ओढ्यात धावतो. त्या बारीला ओढा कोरडा होता म्हणून निभावलं." वर्षातला सगळ्यात मोठा पाऊस तोच होता, आणि तिची रेषा त्याच्यावरच, पण चार दिवसांत वाटलेला धरून, बेतलेली होती.

तिनं आकडा बदलला. आम्ही दोघं पडद्याकडं पाहत बसलो. निळी रेषा सरकली, गयाबाईच्या अंगणात आली, मग घराच्या पलीकडं गेली.

ती उठून ग्रामपंचायतीत गेली आणि नकाशा काढून आणला. आठही घरांत जाऊन सांगितलं, "माझी रेषा चुकली. पाऊस लागायच्या आत इथून हला." मी मागून म्हणत होतो, माझं नाव सांग. ती म्हणाली, "वही तुमची, पण नकाशा माझा हाय." गयाबाईनं तिला मनसोक्त शिव्या दिल्या आणि पुन्हा सामान बांधलं. आठही घरं हलेपर्यंत ही रोज चक्कर मारत राहिली.

वरिष्ठांनाही तिनं सगळं लिहून कळवलं. अहवाल मागं घ्यावा लागला. वाढलेली दोन वर्षं गेली. जुलैत ती जीपनं निघाली, तेव्हा तिच्या फोनवर आई बोलत होती आणि ही नुसती "हाव, हाव" करत होती. मला तोंड दाखवायचा धीर झाला नाही. मी पिंपळाआड उभा होतो.

ऑगस्टमध्ये एका दुपारी आभाळ फाटलं. ओढा गयाबाईच्या भिंतीतल्या कोनाड्यापर्यंत चढला. मागची भिंत बसली. आत कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी साडेआठला मी पाणी मोजलं आणि तिला फोन लावला.

तिनं माझं नावही विचारलं नाही. "किती?"

"एकशे चार."

"गयाबाई?"

"वरच्या गल्लीत हाय. चहा पिऊन राहिली."

पलीकडून फक्त रडणं ऐकू आलं. मग ती म्हणाली, "डोळा बराबर आणला होता ना, चाचा?"

त्यानंतर तो नंबर बंद आहे. कुणी म्हणतं पुण्यात कंपनीत लागली, कुणी म्हणतं परदेशात गेली. सेनगावला जाऊन तिच्या आईला विचारायचं माझ्यानं होत नाही. वही आता कुणी मागत नाही, तरी मी रोज लिहितो. सप्टेंबरातले ते चार तेवीस तिनं लाल शाईनं खोडलेत आणि समोर लिहिलंय, "माहीत नाही." परवा तापानं पडून होतो, जाता आलं नाही. सगळ्या जन्मात पहिल्यांदा मी रकान्यात तेच लिहिलं. आज गेलो, दुखरे गुडघे वाकवले आणि डोळा पाण्याच्या बरोबर आणला.