मंडईच्या दिवशी ठरलेलं घर

गोंदियाले लागून असलेल्या आमच्या फुलचूरमध्ये तुम्ही नुसती एक चक्कर मारून पाहा. दर तिसऱ्या फाटकावर 'घर विकणे आहे' लिहिलेलं दिसन. कोणी पुठ्ठ्यावर लिहिलं, कोणी रंगानं भिंतच रंगवली. एकानं तर लेकाच्या लग्नाचा फ्लेक्स पालटून त्याच्या मागच्या बाजूनं लिहिलं. वारा सुटला की फ्लेक्स उलटते अन् नवरा-नवरी दात काढून हसतात. घर काही विकत नाही.

विकन कसं? घेणाऱ्याईले सारं नवं पाहिजे. जिथं धानाच्या बांध्या होत्या तिथं लेआऊट पडले, मोठमोठ्या कमानी उभ्या राहिल्या. आत रस्ता नाही, नाली नाही, पण कमान आहे. लोक कमान पाहून प्लॉट घेतात अन् आमच्या बांधलेल्या घराकडं पाहून नाक मुरडतात.

अशा टायमाले माह्या शेजारच्या जमुनाबाई बहेकारनं घर विकायला काढलं.

जमुनाबाई म्हणजे आमच्या मोहल्ल्याची शिवणवाली. अंगानं काडी, पण आवाज असा की मशीन चालू असली तरी गल्लीच्या टोकाले ऐकू येते. गळ्यात पोत एखाद्या वेळेस दिसणार नाही, मोजायचा टेप मात्र दिसन. लग्नात जाते तरी टेप गळ्यात. मी म्हणते, "बाई वो, नवरीचं माप घ्यायले आली का जेवायले?" तर म्हणते, "तुह्या ब्लाउजची बाही पाहायले आली, चंदे. दंड वाढले तुहे."

अशी आहे ती. माह्या दंडाईवर तिचा फार जीव.

ते घर तिनं शिवून-शिवून बांधलं. हे मी उगाच नाही म्हणून राहिली. पुढची खोली शाळेच्या ड्रेसाईची. स्वयंपाकखोली लग्नसराईच्या ब्लाउजाईची. मोरी फॉल-पिकोची. एक खोली झाली की मधात थांबायची, दुसरा हंगाम आला की गवंडी पुन्हा बोलवायची, अन् त्याच्या मागं टेप घेऊन फिरायची. गवंडी तिले पाहिलं की विडी विझवायचा. ब्लाउज शिवताना आत कापड जास्तीचं सोडते ना, बाई जाड झाली तर उसवून मोठं करता यावं म्हणून? तशाच तिनं स्लॅबच्या वर सळया उभ्या सोडल्या. पुढं कोणाले माडी चढवावीशी वाटली तर चढवता यावी.

नवरा मनिरामभाऊ राइस मिलमध्ये होते, आता घरी आहेत. ते बोलत नाहीत. लग्नात 'हो' म्हटलं असन, त्याच्यानंतर गरजच पडली नाही.

मंग इतकं जिवाचं घर विकायचं कायले? तेच तर सांगून राहिली. तिचं माहेर अर्जुनी मोरगावचं. तिथं बाजाराच्या रस्त्यावर, तिच्या बहिणीच्या घराले लागून एक जागा निघाली. समोर दुकानाची खोली, मागं राहायले दोन खोल्या. जमुनाबाईनं जन्मभर खिडकीजवळ, खाट अन् चुलीच्या मधात मशीन ठेवून शिवलं. दुकान म्हणून तिचं काही नव्हतंच. आता साठी झाली तर हिले दुकान पाहिजे! तिकडच्या पोरी शिकायले तयार, बहीण रोज फोन करून राहिली. अन् मनिरामभाऊले तिथला तलाव दिसला, गळ टाकून बसायची सोय झाली. ते काही बोलले नाहीत, पण गळ मात्र तेल लावून ठेवला.

जागेवाला तिचा लांबचा भाऊ. तो म्हणे, "होळीपर्यंत थांबतो, ताई. पुढं नाही थांबू शकत."

तर हे घर विकल्याशिवाय ते दुकान नाही, असा पेच. बाईनं काय केलं असन? पहिल्यांदा बोर्ड रंगवून आणला! 'जमुना शिवणकला केंद्र'. निळ्यावर पिवळं. दुकान नाही, पण बोर्ड तयार. तो पुढच्या खोलीत भिंतीले टेकवून ठेवला, अन् घर पाहायले येणारा प्रत्येक माणूस त्याले ठेचकाळला.

दलाल होता गुड्डू, गोंदियाच्या स्टेशनाकडचा पोरगा. मोटरसायकलवर येते, गॉगल डोक्यावर राहते, डोळ्यावर कधी नाही. अर्धं हिंदी, अर्धं मराठी. पयल्याच दिवशी म्हणे, "आंटी, मार्केट डाउन है. पण मी आहो ना, टेन्शन नोको."

टेन्शन त्यालेच आलं, जमुनाबाईपायी.

पहिले एक नवरा-बायको आले. नवऱ्यानं मोबाइल काढला, दारात गोल फिरला अन् तोंड पाडून म्हणे, "घर दक्षिणमुखी आहे."

"हो जी, दक्षिणमुखीच आहे," जमुनाबाई म्हणे. "मोबाइल चांगला आहे तुमचा. अन् मागच्या खोलीचा हा कोपरा पाहून घ्या, पावसाळ्यात ओल येते. अन् बोअरचं असं आहे की मार्च लागला की दमते."

विचारलं कोणी? कोणीच नाही! ते दोघं चहा अर्धा ठेवून गेले.

मंग एक मोठ्या गाडीवाला आला. गाडी गल्लीच्या तोंडावर, कडुनिंबाजवळ अटकली. तो म्हणे, "थोडं मागंपुढं केलं तर येईन." जमुनाबाईनं गळ्यातला टेप काढला, गल्ली मोजली, गाडी मोजली अन् म्हणे, "नाही येत जी. गल्ली कमी नाही, तुमची गाडी जास्त आहे."

गुड्डूनं डोक्यावरचा गॉगल डोळ्यावर ओढला. मले वाटते रडून राहिला असन.

एक जण तर असा आला की घर पाहिलंच नाही. बाहेरूनच म्हणे, "जागा ठीक आहे. घर पाडून टाकीन, जागेचाच भाव करा." जमुनाबाईनं त्याले पाणी देलं, चहा देला, वरून शेव-चिवडा देला. खाऊन झाल्यावर फाटक उघडून म्हणे, "मी कोणाचा शिवलेला ब्लाउज उसवून त्याचं कापड विकत नाही. या आता."

त्या दिवशी गुड्डू माह्या ओट्यावर येऊन बसला. "चंदामावशी, तुम्हीच समजवा. आंटी घर विकून राहिली की घराची तक्रार करून राहिली?"

मी गेली समजवायले. म्हटलं, "जमुने, पार्टी येते तेवढा वेळ तोंड शिवून घे ना. शिवता तर येते तुले!"

ती मशीनवरून उठली बी नाही. म्हणे, "चंदे, कापायच्या आधी मी बाईले सांगते. बगलेत दाटन, सांगते. रंग जाईन, सांगते. ती बाई परत येते, पण भांडायले नाही, दुसरा शिवायले येते. इतकी वर्सं झाली, तू तरी भांडायले आली का?"

"भांडली ना! दंडावरून!"

"ते दंड तुहे, शिवण माही नाही."

आता सांगा, अशा बाईले काय समजवावं?

दसरा गेला, दिवाळी गेली. गल्लीत दुसऱ्या दोन घराईवर बी पुठ्ठे लागले. अर्जुनीवरून बहिणीचा फोन आला की जमुनाबाई पहिले हसून बोलायची, आता फोन घेऊन मागं अंगणात जायची. बोर्डावर धूळ चढली. एक दिवस मी पाहिलं, ती पदरानं बोर्ड पुसून राहिली होती, हळूहळू, एक-एक अक्षर. मी फाटकातूनच वापस आली. काही वेळेस चिडवायचं नसते, इतकं मलेबी समजते.

अन् मंग आली मंडई.

तुम्ही या भागातले नसान तर सांगते. दिवाळी झाली की आमच्याकडं गावोगावी मंडई भरते. दिवसभर बाजार, पाळणे, उसाच्या मोळ्या, उकडलेले शिंगाडे, अन् अंधार पडला की नाटक. पण खरी मंडई घरात भरते. ज्या गावची मंडई, त्या गावात साऱ्याईचे सोयरे येतात. लेकी, जावई, साळे, साळ्यांचे साळे. त्या दिवशी दारात आलेल्याले कोण आहे म्हणून विचारत नाहीत, पहिले जेवायले बसवतात, मंग ओळख निघते.

हे सारं शहरात वाढलेल्या गुड्डूले काय माहीत! त्यानं नेमक्या त्याच दिवशी पार्टी आणली. भूपेंद्र नावाचा माणूस, तिरोड्याच्या पॉवर प्लांटमध्ये नोकरी. मूळचा छत्तीसगढचा, भिलाईत वाढलेला. गोंदियात चौथ्या माळ्यावर भाड्यानं राहे. त्याले तोच दिवस सुट्टीचा. संगं त्याची म्हातारी आई. गुड्डूनं जमुनाबाईले फोन केला तर तिनं बी 'या' म्हटलं. मंडईच्या दिवशी नोको कसं म्हणन?

पार्टी आली तेव्हा घर कसं होतं, डोळ्यासमोर आणा. पुढच्या खोलीत अर्जुनीचे पाहुणे. मागच्या खोलीत देवरीचे. एक मामा मोरीचा नळ चालू-बंद करून पाहून राहिले. दोघं जण गच्चीवर, सळया धरून मंडईतला पाळणा पाहून राहिले. एक मावशी स्वयंपाकखोलीत ओट्यावर हात फिरवून म्हणून राहिली, "ओटा चांगला उंच आहे वो, कंबर नाही दुखणार." अन् मनिरामभाऊ पायरीवर बसून सारं पाहून राहिले.

भूपेंद्र दारातच थांबला. गुड्डूले हळूच म्हणे, "इतने लोग देखने आए हैं?"

गुड्डूनं एक क्षण माह्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं पाहिलं. अन् मी तुम्हाले खरं सांगते, मले इतका आनंद कधीच झाला नव्हता.

गुड्डू म्हणे, "सर, डिमांड बहुत है. मैं तो बोला था जल्दी आओ."

मी लागलीच आवाज चढवला, "अरे पोरा, वरची हवा कशी आहे?" गच्चीवरून मामाच्या पोरानं ओरडून सांगतलं, "मस्त! इथून हालावंसंच नाही वाटत!" त्या बिचाऱ्याले काय माहीत, तो आपला पाळणा पाहून राहिला होता.

भूपेंद्रले घाम फुटला. खोल्या त्यानं पळत-पळत पाहिल्या. दक्षिण-उत्तर काही विचारलं नाही. बोर्डाले ठेचकाळला तरी 'सॉरी' बोर्डालेच म्हणे. भाव बी घासला नाही. खिशातून फोन काढून गुड्डूले म्हणे, "टोकन अभी ले लो. बाकी लोगों को मना कर दो."

बापा! झालं होतं. होळी, अर्जुनी, दुकान, बोर्ड, सारं त्या फोनवरच्या एका बोटावर आलं होतं.

तेवढ्यात जमुनाबाई स्वयंपाकखोलीतून निघाली, हातात वड्याचं टोपलं, गळ्यात टेप. मी डोळे मिचकावले, पदर ओढला, पाय दाबला. तिनं विचारलं, "कोणाले मना करायचं जी?"

"ये सब जो घर देखने आए हैं..."

"हे?" ती हसली. "अवो भाऊ, हे सारे माहे पाहुणे आहेत. मंडईले आले. घर घेणारा तुमच्याशिवाय कोणी नाही. दसऱ्यापासून इकडं कोणी फिरकलं नाही. अन् पैसे देण्याच्या आधी तो मागचा कोपरा पाहून घ्या, पावसात ओल येते."

गच्चीवरचा पोरगा बी पाळणा सोडून खाली वाकून पाहू लागला. भूपेंद्रचे कान लाल झाले. त्यानं गुड्डूकडं पाहिलं अन् फोन खिशात ठेवला. "अम्मा, चलो," म्हणे.

पण अम्मा कुठं होती? अम्माले कोणीतरी केव्हाच अंगणातल्या पंगतीत बसवलं होतं. समोर पत्रावळ, त्यावर वडे, भजे, वांग्याची भाजी, द्रोणात तांदळाची खीर. अन् ती मन लावून खाऊन राहिली होती. लेकानं पुन्हा म्हटलं, "अम्मा, उठो, ये झूठ बोल के घर बेच रहे थे."

म्हातारीनं मान वर केली. "पंगत से कोई उठता है क्या? मडई है बेटा, हमारे गाँव में भी भरती है! तू भिलाई में पला, तू क्या जाने. मैं तो गली में घुसते ही समझ गई थी."

"तो बोली क्यों नहीं?"

"देखना था," म्हातारीनं खीर ओरपली, "कि घरवाली बोलती है कि नहीं."

मंग तिनं जमुनाबाईचा हात धरून बाजूले बसवलं. चौथ्या माळ्यावर दोन वर्सांत आपल्या दारावर कोणी जेवायले आलं नाही, म्हणे. दारात चपला पडलेल्या पाहिल्या नाहीत. तिनं अंगणात एकदा नजर फिरवली. ज्या अंगणापर्यंत गाडी येत नव्हती म्हणून लोक नाक मुरडून गेले, तिथं दोन पंगती आमनेसामने बसल्या होत्या.

"और क्या खराबी है, सब बता," म्हातारी म्हणे.

जमुनाबाईनं सांगतलं. बोअर, कोपरा, गल्ली, दक्षिण. एकबी सोडलं नाही. अन् सळया दाखवून म्हणे, "अन् या मी वाढवायले सोडल्या आहेत. नातू झाले की माडी चढवा."

म्हातारी लेकाकडं पाहून म्हणे, "अब दे टोकन."

भूपेंद्रनं घेतलं घर. आता तो भाव घासायले लागला, तर मधात मनिरामभाऊ बोलले! सारे दचकले. म्हणे, "आमच्या घरी खोटा भाव बी नाही सांगत जी." बस, तेवढंच. अन् पुन्हा पायरीवर.

बँकेनं कागदासाठी फिरवलं, एक साहेब घर मोजायले आला तर जमुनाबाईनं त्याचंच माप चुकलं म्हणून आपला टेप लावला. पण होळीच्या आधी सारं झालं. अर्जुनीच्या बाजाररस्त्यावर आता निळ्यावर पिवळा बोर्ड आहे, अन् खाली दहा-बारा पोरी मशीन चालवून राहिल्या. मी पाहायले गेली तर बाई एका पोरीले शिकवून राहिली होती, "कापायच्या आधी गिऱ्हाइकाले काय सांगायचं?" मी दारातूनच म्हटलं, "दंड जाड आहेत म्हणून सांगायचं!" पोरी हसल्या. जमुनाबाईनं मले खुर्ची देली अन् न विचारता माप घेतलं.

गुड्डूचं काय? गुड्डू आता प्रत्येक घरवाल्याले पहिले विचारते, "तुमच्या गावची मंडई कधी आहे?"

यंदा फुलचूरच्या मंडईले जमुनाबाई पाहुणी म्हणून आली, तिच्याच जुन्या घरी. भूपेंद्रच्या आईनं तिले अंगणात पंगतीत बसवलं, आपल्या हातानं वाढलं. मी बाजूले होती. खाता-खाता जमुनाबाई म्हणे, "माताजी, पावसात कोपऱ्याले ओल आली का?"

"आ गई ना! पूरी दीवार पे!"

"सांगतलं होतं ना मी?" जमुनाबाई म्हणे, अन् ताठ बसून दुसरा वडा घेतला.