घराबाहेरची कॉपी

अमावस्या आली आणि तात्या आले नाहीत. त्यांच्यासाठी चहाचं जास्तीचं आधण ठेवलं होतं, ते आटून गेलं. दुपारपर्यंत मी उगाच दारापाशी फेऱ्या मारत राहिले. त्यांचा फोन बंद. शेवटी धीर करून त्यांच्या मुलीला, सुनंदाला फोन लावला. "वहिनी, तात्या गेले हो... काल तेरावं झालं," ती म्हणाली, आणि जरा थांबून, "तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं." त्यात तिचा काय दोष? तात्या माझे चुलत सासरे, पण नितीनशी माझा घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली. घराच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून मी केव्हाच बाहेर पडले होते. मला ना सुतक, ना माझ्याकडे कुणी भेटायला येणार. प्रभादेवीच्या माझ्या खोलीत त्या दिवशी मी नुसती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरत होते.

तात्या डिलाईल रोडला चाळीत राहायचे. विमा कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी वंशावळीचं सॉफ्टवेअर शिकून घेतलं, आणि मग नातेवाइकांची काही धडगत राहिली नाही. लग्नाच्या पंगतीत, बारशाला, अगदी स्मशानातून परततानासुद्धा ते एखाद्याला गाठायचे. "तुझ्या आजीचं माहेरचं नाव काय रे?" आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. त्यामुळे त्यांची एक आत्येआजी फाइलमध्ये दोन बायका होऊन बसली होती, एक अविवाहित आणि एक माहेर नसलेली. हे ध्यानात आलं त्या दिवशी तात्यांना जेवण गेलं नाही. "बाईला माहेर नाही म्हणजे काय!" असं म्हणत स्वतःवरच डाफरत होते.

घटस्फोटानंतर सासरचं कुणी माझ्या दारात येईल असं वाटलं नव्हतं. तात्या आले, पेन ड्राइव्ह घेऊन. खुर्ची ओढत म्हणाले, "मशीन चालू कर गो. एक कॉपी घराभायर व्हयीच. घराक आग लागली तर?" मी म्हटलं, "मग सुनंदाकडे ठेवा. ती कुठे त्या घरात राहते?" तर म्हणाले, "ती सारखी काय ना काय बदलत असते. तुझ्याकडे वस्तू टिकते." मला असं म्हणणारे सासरचे ते एकटेच. तेव्हापासून दर अमावस्येला यायचे. का, तर त्या दिवशी कुणी लग्न करत नाही, साखरपुडा करत नाही, बारसं करत नाही. फाइल गप्प बसते, निवांत कॉपी घेता येते. "आणि कुणी मेलं तर?" मी चिडवायचे. "ती माणसं काय मुहूर्त बघतात?" म्हणून ते बशीत चहा ओतायचे.

ती फाइल मी मात्र कधी उघडली नाही. तात्या कॉपी टाकून निघून जायचे आणि फोल्डर तसाच पडून राहायचा. त्यात मी आहे की नाही, हे मला बघायचं नव्हतं. असेन तर कशाला, आणि नसेन तर... दोन्हीकडून जीव कासावीस व्हायचा. तात्यांना विचारायची सोय नव्हती. त्यांनी खरं ते सांगून टाकलं असतं.

थोड्या दिवसांनी सुनंदाचाच फोन आला. गेलेल्या माणसाच्या वापरातलं, आवडीचं तेराव्याला दान करतात. छत्री, चपला, अंथरूण दिलंच, पण तात्यांच्या आवडीचं काय, यावर घरात दुमत नव्हतं. त्यांचा कॉम्प्युटर चाळीच्या अभ्यासिकेला दिला. दानाची वस्तू उष्टी नको म्हणून आधी तो पार पुसून कोरा करून घेतला. पेन ड्राइव्हही कोरे होऊन त्याच पिशवीतून गेले. इतक्या भक्तिभावानं घातलेला घोळ मी दुसरा पाहिला नाही. गावी देवळाच्या कलशारोहणाला घराण्याच्या वंशावळीचा फ्लेक्स लावायचं ठरलं, तेव्हा कुठे सगळ्यांना फाइल आठवली. "वहिनी, तुमच्याकडे आहे ना हो?" ती रडकुंडीला आली होती. मला मात्र संताप आला. माणूस गेल्याचं कळवायला मी कुणाची नाही, आणि फाइल हवी तेव्हा वहिनी! "बघते," म्हटलं आणि फोन ठेवला.

ठेवल्याबरोबर फाइल उघडली. नितीनच्या नावाशेजारी माझं नाव, त्याखाली 'विभक्त'. मग दुसरी रेघ, त्याची आताची बायको, त्यांचा मुलगा. आणि माझ्या वर माझे आईवडील, आजी, आजीचं माहेर... तात्यांनी मला माहेरासकट ठेवलं होतं. मला भडभडून आलं. पाठोपाठ धास्ती वाटली, की जगात ही एकच कॉपी उरली आहे आणि आता ती सासरच्यांच्या हाती जाणार.

सुनंदा आली. पाणी प्यायली, पंख्याकडे बघत बसली. मग एकदम म्हणाली, "नितीनदादा म्हणतो... फ्लेक्सवर तुमचं नाव नको. त्याच्या बायकोला कसंतरी वाटेल. फाइलमधूनच काढून आण म्हणाला." "फ्लेक्सवर नको तर नको गं," मी म्हटलं, "तो काय, कार्य झालं की उतरवतील. पण फाइलमधून..." मी उठून तिला खुर्ची दिली. "काढायचं तर तूच काढ. माझ्याच्यानं होणार नाही."

ती बराच वेळ माउसवर हात ठेवून बसली. मी गॅसपाशी गेले, परत आले, पुन्हा गेले. तिने तात्यांचं नाव उघडलं, त्यांच्या मृत्यूची तारीख घातली आणि डोळे पुसले. मग फाइल आपल्या पेन ड्राइव्हवर घेतली. "दादाला काय सांगायचं ते मी बघते," एवढंच बोलली.

कॉपी झाली की तात्या ती उघडून एखादं नाव शोधायचे, आणि सापडलं तरच पेन ड्राइव्ह काढायचे. सुनंदानेही नवी कॉपी उघडली. आता वडिलांचं नाव शोधेल, असं मला वाटलं. तिने माझं टाइप केलं.

"आहात," ती म्हणाली, आणि पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकला.