फाटकापर्यंत

गोंदियात आमची वस्ती रुळांच्या पलीकडे होती. गावातले लोक तिला लाईनपार म्हणायचे, आणि म्हणताना नाक मुरडायचे. बिड्या आम्हीच वळायचो; त्या ओढताना मात्र कुणाचं नाक मुरडत नसे.

टांगेवाले लाईनपार येत नसत. चिखलात चाक फसतं, असं सांगायचे. खरं कारण आमची जात होती, ते कुणी बोलून दाखवत नसे. म्हणून वस्तीत एक रीतच पडली होती. टांगा करायचा तर 'फाटकापर्यंत' एवढंच सांगायचं. तिथे उतरायचं, टांगा वळून दिसेनासा झाला की मग रूळ ओलांडायचे. स्वतःचं नाव-गाव शिकवावं तसं मायनं आम्हा दोघी बहिणींना हे शिकवलं होतं. मला त्याचा तेव्हाही राग यायचा.

थोरली बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सकाळी कळा सुरू झाल्या, दुपार टळली तरी सुटका होईना. सुईणीनं हात टेकले, दवाखान्यात न्या म्हणाली. बाबा टांगा आणायला धावले. परतले ते एकटेच, धापा टाकत. टांगा फाटकाशी उभा केलाय म्हणाले.

बहिणीला बाजेवर घेतलं. शेजारच्या चौघांनी बाज उचलली. गल्लीत घोट्यापर्यंत चिखल होता, त्यांचे पाय सटकत होते. मी बाजूनं तिचं पांघरूण सावरत चालले होते. लांबून फाटक उघडं दिसलं. आम्ही पोचेपर्यंत ते पडलं. मालगाडी आली आणि मध्येच थांबली.

"आलं का फाटक?" बहिणीनं विचारलं. मी आलं म्हटलं.

डब्यांच्या खालून पलीकडच्या घोड्याचे पाय दिसत होते. बाबा फाटकवाल्याच्या पाया पडले. पण गाडी हलवणं काही त्याच्या हातात नव्हतं.

गाडी हलली तेव्हा बहीण गेली होती. बाळ पोटातच राहिलं.

टांगेवाला रूळ ओलांडून आमच्याकडे आला. छत्तीसगडचा होता, गावात नवीन. बाजेकडे बघून त्यानं डोक्याचं फडकं काढलं.

"घर तक बोलना था ना, काका," तो हळूच म्हणाला. "मैं अंदर आ जाता."

मायनं बाबांकडे पाहिलं. "काऊन नाही सांगतलं तुमी?"

"कोनी येत होता का आजवरी?" एवढंच ते बोलले. इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यांच्या तोंडून फाटकच निघालं होतं.

त्यानंतर बाजारातून निघताना बाबा टांग्याला हात करायचे आणि चारचौघांत मोठ्यानं लाईनपार म्हणायचे. टांगेवाला मान हलवून पुढे जायचा. ते दुसऱ्याला थांबवायचे. तो नवा टांगेवाला पुन्हा कधी दिसला नाही. एखादा म्हणायचा, फाटकापर्यंत सोडतो, बसा. बाबा नको म्हणायचे, आणि ओझं डोक्यावर घेऊन घरापर्यंत चालत यायचे.