आक्काची पाखरं

आक्का बोलत असली की समोरच्याला वाटायचं, ही आपल्याशी बोलतच नाही. तिचे डोळे कायम आपल्या डोक्यावरून पलीकडं, उत्तरेच्या आभाळात. एकदा दिंद्रुडला तिच्या घरी आलेला एक पाहुणा बोलता बोलता सारखा मागं वळून बघू लागला, आपल्या पाठीमागं कोण उभं आहे म्हणून. तो गेल्यावर मी म्हणालो, "आक्का, माणसाकडं बघून बोलत जा ना." ती म्हणाली, "कान हायत की माणसाकडं. डोळ्यांचं काम येगळं चाललंय."

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आता ती पुण्याला लेकीकडं असते, आणि फोनवर मोजकंच बोलते. पण मला आठवते ती दाजी आजारी पडले त्या वर्षीची आक्का, दसऱ्यापासून पुढच्या थंडीतली. इतकं अस्वस्थ माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

दाजींचं दिंद्रुडला पाइप, मोटारी आणि शेतीच्या औजारांचं दुकान होतं. दुकानावर घर आणि घरावर गच्चीत शर्यतीची कबुतरं. ऊस कारखान्याला जायला लागला की शर्यतींचा मोसमही जवळ यायचा, आणि दाजींचं गिऱ्हाइकांवरचं लक्ष उडायचं. आक्काला या पाखरांचा भयंकर राग. गच्ची धुवायची तिनं, आणि लाड करायचे दाजींनी. त्यांची एक राखाडी मादी होती, तिचं नाव त्यांनी मालन ठेवलं होतं. आक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माझी सवत वर ऱ्हाती. तिला बदाम, मला भाकर."

श्रावणात दाजी दुकानातच कोसळले. लकवा. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर ते खाटेवर पडून नुसते छताकडं बघत राहायचे. पाखरांचा शौक असलेली मंडळी महिनाभरातच यायला लागली. आता हे कोण बघणार, आम्हाला द्या, म्हणू लागली. आक्का प्रत्येकाला सरळ खाटेपाशी न्यायची. "इचारा त्यांनाच. त्यांची हायती." दाजी भिंतीकडं तोंड फिरवायचे. "बघा," आक्का म्हणायची, "न्हाई म्हनले."

दसरा झाला, पाखरांची जुनी पिसं झडून नवी आली, आणि आक्कानं मला माजलगावला फोन केला. मी तेव्हा मोंढ्याच्या बाजारातला माल पिकअपनं खेडोपाडी पोचवायचो. "बापू, तुझी गाडी रिकामी कवा असती?"

"कावून गं?"

"पाखरं शिकवायची हायती."

मला हसू आलं. "तुला काय येतंय त्यातलं?"

"वीस वर्सं शिव्या देत बघितलंय," ती म्हणाली. "शिव्या देतानाबी दिसतंच की."

पहिली अडचण शिटीची आली. दाजींच्या शिटीवर पाखरं आभाळातून खाली उतरायची. आक्कानं स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून शिटीचा सराव केला, पण नुसती हवा जायची. पहिल्या दिवशी तिनं पाखरं सोडली ती शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसली, आणि अंधार पडेपर्यंत ढिम्म हलली नाहीत. आक्का गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होती, हातवारे करत होती. शेवटी तिनं डालड्याच्या जुन्या डब्यात मूठभर हरभरे घातले आणि डबा खुळखुळवला. चार दिवसांत पाखरांनी शिटी सोडली, डबा धरला. पण त्यासाठी तिनं त्यांचा दाणा तोडला होता. "पोट भरलं की घर आठवत न्हाई," ती म्हणायची. "माणसाचंबी तसंच हाय, पर माणसाला कोन उपाशी ठिवनार?"

दुसरी गोष्ट तिनं केली ती दाजींची. रोज दुपारी दुकानातला गडी आणि मी, मी नसलो तर शेजारचं कुणीतरी, मिळून दाजींना खुर्चीत बसवून गच्चीवर न्यायचो. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, कुणीच सांगितलं नव्हतं. "खाली पडून छत बघन्यापरीस वर बसून आभाळ बघू द्या," एवढंच ती म्हणाली.

मग अंतर वाढवणं सुरू झालं. टोपल्यांत पाखरं भरून मी आधी तेलगावच्या फाट्यावरून सोडली, मग माजलगावच्या धरणावरून, मग गेवराईच्या पुढून. जितकं लांब जावं तितके आक्काचे फोन वाढत. पोचलास का? वारं कुठलं हाय? पानी पाजलंस का? टोपलीचं दार उघडून पाखरं वर उठली, एक चक्कर मारून दक्षिणेला वळली, की मी फोन करायचो, "सुटली बघ." त्या क्षणापासून आक्का गच्चीवर. दूध उतू जायचं, गिऱ्हाईक खालून हाका मारायचं. मी गाडी घेऊन परत पोचायचो तेव्हा पाखरं कधीचीच दाणे टिपत असायची आणि आक्का मला म्हणायची, "तुझ्या गाडीला पंख लाव रं."

एके दिवशी मात्र मी पाखरांच्या आधी पोचलो.

त्या दिवशी जालन्याच्या अलीकडं आभाळ भरून आलं होतं. मी फोनवर सांगितलं, "आक्का, आज नको. परत आणतो."

"शर्यतीच्या दिवशी आभाळ तुला इचारून येनार हाय व्हय? सोड."

"अगं, लई काळं आलंय."

"सोड म्हन्ते ना मी!"

मी सोडली. पाखरं वर गेली, बराच वेळ तिथंच घुटमळली आणि ढगात दिसेनाशी झाली. मी दिंद्रुडला पोचलो तर गच्चीवर एकही पाखरू नव्हतं. आक्का कठड्याला धरून उभी. संध्याकाळपर्यंत निम्मी आली, भिजलेली, दमलेली. एकाची छाती ससाण्यानं फाडलेली होती. आक्कानं त्याला हळद लावली, ओंजळीत धरून ठेवलं, तरी ते तासाभरात मेलं. मालन आली नाही.

दाजी खुर्चीतच होते. आक्का त्यांच्याकडं बघायचं टाळत होती. डबा वाजवायची, कठड्याशी जायची, परत यायची, पुन्हा डबा वाजवायची. तिसऱ्या की चौथ्या फेरीला दाजींच्या घशातून आवाज आला. नुसता घोगरा आवाज नव्हे, शब्दच.

"बस."

श्रावणानंतरचा त्यांचा तो पहिला शब्द. आक्का जागच्या जागी थांबली. "बस म्हंजी? बास झालं म्हन्ता? सोडून देऊ समदं? तुमच्यापायीच करायलेय ना मी हे!" ती ओरडलीच. दाजींना पुढं बोलता येईना. त्यांनी डावा हात कसाबसा उचलला आणि शेजारच्या उलट्या टोपलीवर थोपटला. एकदा, दोनदा.

आक्का टोपलीवर बसली. दाजींचा हात तिच्या गुडघ्यावर आला. मी मेलेलं पाखरू पुरायच्या निमित्तानं खाली निघून गेलो.

त्यानंतर आक्का दुप्पट जोमानं पाखरांमागं लागली. उरलेल्यांतली पाच तिनं निवडली. मालनची वाट ती बघायची, पण नाव काढायची नाही. शर्यत आमच्या भागातले शौकीन मिळून भरवतात. सगळ्यांची पाखरं एका गाडीतून उत्तरेला, मध्य प्रदेशात नेऊन एकदमच सोडतात. पायात रबराचं कडं असतं, त्याच्या आत नंबर. पाखरू घरी आलं की कडं काढून नंबर मोबाईलवर पाठवायचा, तेव्हाच ते आल्याचं धरलं जातं.

पाखरं गाडीत द्यायच्या आदल्या दिवशी पहाटे दाजी गेले. झोपेतच.

आमच्यात दहन नसतं. दुपारी शेतात त्यांना माती दिली. घर पाव्हण्यांनी भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कानं मला आत बोलावलं. डोळे कोरडे. "बापू, पाखरांची गाडी तेलगावला किती वाजता येनार?"

दाजींचे थोरले भाऊ दारातच होते. ते भडकले. "अगं, कालच मानूस मातीला गेलंय. आन् तुला खेळ सुचायलाय?"

आक्कानं डोक्यावरचा पदर नीट केला. "भाऊजी, त्यांनी एवढे दिस खुर्चीत बसून कशाची वाट बघितली, ते तुमी बघितलं न्हाई. मी बघितलं." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "जा. पानी पाजून दे."

मी देऊन आलो.

शर्यतीच्या दिवशीही भेटायला येणाऱ्यांची रीघ होती. बायका आक्काला मधे घेऊन बसल्या होत्या, आणि आक्काची नजर दाराबाहेरच्या आभाळाच्या तुकड्यावर. दुपार कलली तशी ती उठली आणि कुणाला काही न सांगता जिना चढली. खाली कुजबुज सुरू झाली. मी तिच्या मागं गेलो. आम्ही दोघं उन्हात उभे राहिलो. आभाळ स्वच्छ होतं. बराच वेळ काहीच नव्हतं, आणि मग उसाच्या फडावरून एक काळपट नर खाली खाली आला, कठड्यावर आदळल्यासारखा उतरला. चोच उघडी, पंख लोंबलेले.

आक्कानं त्याला दोन्ही हातांत घेतलं, छातीशी धरलं, आणि ती रडायला लागली. दाजी गेल्यापासून पहिल्यांदाच. मोठ्यानं, हुंदके देत.

"आक्का, कडं काढ. नंबर पाठवायचाय," मी म्हणालो. "लवकर आलंय हे. येळ जातोय."

तिनं हात मोकळा केला नाही. पाखराचं डोकं तिच्या हनुवटीखाली होतं. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "आलंय न्हवं?"

मी मोबाईल खिशात ठेवला. त्या पाखराची कुठंच नोंद झाली नाही. दिवस मावळेपर्यंत आणखी दोन आली, त्यांचीही नाही. खालून दाजींच्या थोरल्या भावांनी दोनदा हाका मारल्या. आक्कानं पाखरांना पाणी दाखवलं, हात धुतले, पदरानं तोंड पुसलं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर ती थांबली.

"बापू, उद्या उजाडताच गाडी घेऊन ये. दोन अजून यायची हायती. जालन्याच्या वाटंनं बघत जाऊ."

"आक्का, लोक काय म्हनतील?"

"म्हनू दे," ती म्हणाली, आणि भराभरा जिना उतरून माणसांत गेली.